कोंडिबाचे श्वास आणि घाटकोपरचा डोंगर

वाईहून महाबळेश्वर तासाभरावर आहे आणि थंडीत निम्मी मुंबई तिकडे लोटते. तेव्हा आपण थंडीत मुंबईला जावं, म्हणजे तिथे बसायला तरी जागा मिळेल, असा माझा तर्क होता. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने केलेला तर्क होता. तो साफ चुकला, हे आधीच सांगून टाकतो.

खरं कारण भाचीचं पत्र. वासंती लहान मुलांची डॉक्टर आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत तान्ह्या मुलांना न्यूमोनिया कसा होतो आणि तो वेळेत ओळखायचा कसा, यावर तिच्या वैद्यकीय कॉलेजातर्फे अभ्यास चालू आहे. तिने लिहिलं होतं, "मामा, तू साप्ताहिकात सारखा देवळांवर लिहितोस. देवळं आणखी हजार वर्षं जागची हलणार नाहीत. आमची मुलं बघायला ये, ती फार घाईत असतात."

घरात कुणाला विचारायचं नव्हतं. कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली. "कधी येणार?" असं शेजाऱ्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सकाळच्या एसटीत बसलो.

तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. गाडी दादरला संपत असली तरी उपनगरात जाणाऱ्याने दादर गाठू नये. खाडीपूल ओलांडला की चेंबूरला उतरावं आणि रिक्षा करावी. रिक्षावाला मीटरच्या आकड्याला कशाने तरी गुणतो. कशाने, ते ब्रह्मसूत्रांइतकंच गूढ आहे, पण उत्तर नेहमी त्याचंच बरोबर येतं. खंडाळ्याच्या घाटातला वडा तेवढा चुकवू नका. पुढे सहा तास तोच सोबत करतो.

वासंतीची खोली मुलुंडला. स्टोव्हवर पिठलं टाकून तिने तिथल्या तिथे माझी शिकवणी घेतली.

"बाळ शांत असताना मोजायचं. रडताना नाही, पिताना नाही. पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिटभर. दोन महिन्यांवरचं बाळ आणि पन्नासच्या वर गेलं, तर दवाखाना गाठायचा."

"एवढंच संशोधन?"

"एवढंच. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. शेजारची बाई घड्याळ धरून हे ओळखू शकते का, तेच तर बघतोय."

मी तिला सांगितलं की आमच्या पाठशाळेत माणसाचे श्वास केव्हाच मोजून झालेत. दिवसाला एकवीस हजार सहाशे, म्हणजे मिनिटाला पंधरा.

"तुझ्या गुरुजींनी बाळं नव्हती मोजली," वासंती म्हणाली आणि पिठलं खाली लागलं.

लेखाला उपयोगी पडेल म्हणून तिने मला अभ्यासाचे कोरे छापील कागद दिले. पांढरा कागद जिवंत मुलासाठी, दर आठवड्याला भरायचा. पिवळा कागद गेलेल्या मुलासाठी, एकदाच भरायचा. किती दिवस आजारी होतं, दूध ओढत होतं का, श्वास जलद होता का, जवळ कोण होतं, नाव काय. मी पिवळ्याची चार घड्यांची पुडी करून पिशवीच्या तळाशी घातली.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास आम्ही मुलुंडहून बसने निघालो. जुन्या आग्रा रोडवर दोन्ही बाजूंना कारखाने. नाहूरपाशी बसमधला एक गृहस्थ खिडकीतून बोट दाखवत मुलाला सांगत होता, "ती चिमणी पप्पाच्या कंपनीची, काय? आणि ती शेजारची बंद पडली." प्रेक्षणीय स्थळं प्रत्येकाची वेगळी असतात.

घाटकोपरला उतरून पश्चिमेच्या डोंगराची चढण लागते. पायऱ्या लोकांनीच पाडलेल्या, म्हणून एकीची उंची दुसरीला माहीत नाही. मी तीनदा थांबलो. वासंती तिच्या बैठकीला खाली दवाखान्यात थांबली आणि मला तिने शालनबाईंच्या स्वाधीन केलं.

शालनबाई चाळिशीच्या, मूळच्या परतूरकडच्या. या वस्तीत राहतात आणि अभ्यासाच्या कामासाठी घरोघर जाऊन मुलांचे श्वास मोजतात. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, मनगटावर पुरुषी घड्याळ.

"गुरुजी, दम लागला का?" त्यांनी माझ्या छातीकडे टक लावून बघितलं. "बसा. अट्ठावीस हाय. तुमच्या वयाला जास्ती हाय."

कुणीतरी आपला श्वास मोजावा, असं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं.

त्यांच्यामागून मी घरं पाहिली. दाराशी बसायचं, बाळाच्या अंगावरचं दुपटं वर करायचं आणि मिनिटभर कुणी बोलायचं नाही. एरवी या गल्लीत नळावर, रेडिओवर, रस्त्यावर एवढा कोलाहल, आणि प्रत्येक उंबऱ्याशी हे एक मिनिट मौनाचं. मी पाहिलेल्या कुठल्याही गाभाऱ्यात इतकी शांतता नव्हती.

मग एक दार शालनबाईंनी न थांबता ओलांडलं. दारात एक बाई मांडीवर तीनेक महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती.

"इथलं मूल नाही लिहायचं?" मी विचारलं.

"ही सुगंधा. तिला मूल नाय."

"मग मांडीवर?"

"तो माझा हाय," शालनबाई म्हणाल्या.

सुगंधा मान खाली घालून म्हणाली, "व्हय. माजो नाय तो. शालनचो आसा. हयसर बसा, कोरी चाय करतंय."

ती कोकणातली, मालवणकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडून पाच-सहा वर्षं झाली, आता तो मुलुंडला गोदामावर पहारा करतो. चहा होईपर्यंत शालनबाईंनी हळू आवाजात मला उलगडा केला. सुगंधाची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसऱ्याच्या वेळी तिच्या गावच्या रीतीप्रमाणे तिने पाचव्या दिवशी बाळ सुपात घातलं आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात शेजारणीला विकलं. आता ते हिचं नाही, तेव्हा हिचं म्हणून न्यायला कुणी येणार नाही. नाव ठेवलं कोंडिबा.

"आमच्यात असलं मानत न्हाईत. मी तिला सरळ म्हनलं, बाई, मी मानत नाही. ती म्हनली, तू मानू नको, तू फकस्त विकत घे."

"आणि रजिस्टर?"

"तिच्या नावावर लिवलं तर ती रडती. आन स्वतःच्या घरची पोरं स्वतः मोजायची न्हाईत, असा वासंतीताईंचा नेम हाय. माझ्या घराला दुसरी बाई येती. तिला माझी शाळंत जानारी दोन दिसत्यात. ती तेवढीच लिवती."

"म्हणजे हा कुणाच्याच पानावर नाही?"

"घरात हाय ना, गुरुजी! रोज बघते मी त्याला."

पानावर नसलेलं मूल मला सरावासाठी बरं वाटलं. चुकलो तरी संशोधनाचं नुकसान नाही. मी कोंडिबासमोर मांडी घातली आणि सवयीने डोळे मिटले. शालनबाई म्हणाल्या, "गुरुजी, उघडे ठेवून मोजायचं असतं." डोळे उघडले, घड्याळ धरलं. बहात्तर आले. पुन्हा मोजले. एकाहत्तर.

"मला जमत नाही बहुतेक," मी म्हणालो. "पाठशाळेतही मी गणितात कच्चा होतो."

शालनबाई हसत वाकल्या. दुपटं वर केलं. चेहऱ्यावरचं हसू जाग्यावरच राहिलं, पण मागून कुणी काढून नेल्यासारखं. बाळाच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता.

"खोकला कधीपासून गं?"

"परवापासून. सर्दी ती."

"मला का नाही सांगितलंस?"

सुगंधाने बाळ आणखी घट्ट धरलं. "सांगून कशाक? तुजोच मा तो? तुकाच दिसूक व्हया."

दुसऱ्यांची मुलं शालनबाई दर आठवड्याला मिनिटभर पाहत होत्या. हा रोज दिसायचा, म्हणून त्याला पाहायचं राहून गेलं होतं. माझ्या डोक्यात मात्र नको तो हिशेब चालू झाला. मिनिटाला बहात्तर म्हणजे दिवसभराचे एकवीस हजार सहाशे श्वास हे पोर पाच तासांत संपवत होतं.

डोंगर चढायला मला अर्धा तास लागला होता. उतरायला किती लागला, आठवत नाही. खालून वासंतीला घेऊन रिक्षाने पालिकेच्या रुग्णालयात गेलो. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मग सिस्टर कागद घेऊन आल्या.

"आई कोण? पोराजवळ एकच बाई थांबेल. आईच."

सुगंधाची छाती दुधाने भरून आली होती, पातळ ओलं झालं होतं, आणि तरी ती भिंतीकडे तोंड करून उभी. त्या एका शब्दावर तिला आत राहता येणार होतं, आणि तो शब्द तिने उच्चारला तर न्यायला येणारं कुणीतरी ऐकेल, अशी तिची खात्री होती. आधीच्या दोघांच्या वेळी तिने तो मोठ्याने उच्चारला होता.

वासंती पुढे होऊ लागली. मीही होऊ लागलो. प्रमाण, अनुमान, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. शालनबाईंनी दोघांनाही हाताने मागे सारलं.

"आई मी," त्या म्हणाल्या. "मला दूध नाय. ही दूध पाजायला ठेवलेली बाई हाय. आता सांगा, कुनाला ठेवता?"

सिस्टरांनी एकदा शालनबाईंचे पिकलेले केस पाहिले, एकदा सुगंधाचं ओलं पातळ. त्याही इथल्याच, त्यांना उमजलं असावं. "पाजणारी आत या," त्या म्हणाल्या. "आई, तुम्ही घरी जा. चार वाजता भेटायची वेळ."

सुगंधा आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर एका हॉटेलात मी आणि शालनबाईंनी उसळपाव मागवला. (उसळ उत्तम, पाव आदल्या दिवशीचा. दोन प्लेट आणि दोन चहा पाच रुपयांच्या आत.) त्यांनी पावाला हात लावला नाही.

"आई मी, आन घरी जायचं तेबी मीच," त्या म्हणाल्या. मग वेगळंच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमची मुलं काय करत्यात, गुरुजी?"

"नाहीत."

"नाहीत, का झाली न्हाईत?"

हा त्यांच्या कामातला प्रश्न. झालेली किती, असलेली किती, असं वेगवेगळं विचारायला त्यांना शिकवलेलं. मला तो आजवर कुणी विचारला नव्हता.

"एक झाली होती," मी म्हणालो. "नऊ दिवस."

त्यांनी च्च केलं नाही, की देवाची मर्जी म्हटलं नाही. सवयीने पुढचा प्रश्न विचारला. "दूध ओढत होती का?"

"माहीत नाही. मी बाहेरच्या खोलीत होतो. दहा दिवसांची सोयर असते. त्या काळात आत जायचं नसतं."

"श्वास जलद होता?"

"माहीत नाही."

"बायकोला विचारायचं."

"ती आता नाही."

त्यांनी माझ्या पुढ्यातला गार झालेला चहा पोऱ्याला परत न्यायला सांगितला आणि दुसरा मागवला.

चौथ्या दिवशी परत निघण्यापूर्वी भेटायच्या वेळेला रुग्णालयात गेलो. सुगंधा खाटेवर बसली होती, कोंडिबा मांडीवर झोपलेला. शालनबाईंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मोजा. डोळे उघडे ठेवून."

बेचाळीस. मी पुन्हा मोजले, चूक काढायला नव्हे. बेचाळीसच.

"शालन, तुजो झील बरो आसा गे," सुगंधा म्हणाली.

"माझाच हाय, बरा व्हनारच," शालनबाई म्हणाल्या. "नीट पाज त्याला. कामचुकारपना चालनार नाय." दोघीही हसल्या आणि मग सुगंधाने बराच वेळ पदर तोंडावर धरला.

बसथांब्यापर्यंत सोडायला आलेल्या वासंतीने सांगितलं की पांढऱ्या कागदावरचा पहिला प्रश्न ती बदलायला लावणार आहे. "तुला मुलं किती" याच्याऐवजी "या घरात पाजतं कोण". डोंगरावर आणखी किती कोंडिबा आहेत, ते त्याशिवाय कळणार नाही. "मामा, तू चुकून एक उपयोगाचं काम केलंस," ती म्हणाली. आमच्या घराण्यात याहून मोठी स्तुती करत नाहीत.

परतीला बसायला जागा खिडकीची मिळाली. वाईला उजाडता पोचलो, किल्ली घेतली. "गेला होता होय?" शेजारी म्हणाले.

पिशवी उपसताना तळाशी पिवळा कागद लागला. तो पुढ्यात घेऊन बसलो. किती दिवस आजारी: माहीत नाही. दूध ओढत होती का: माहीत नाही. श्वास: माहीत नाही. तिला पुरल्यावर मी आमच्या सौ.ला समजावलं होतं की इतक्या लहान जिवाला तर्पणाचं पाणीसुद्धा द्यायचं नसतं, शास्त्र तसं सांगतं. पुढे पंधरा वर्षं, जाईपर्यंत, ती त्या विषयावर बोलली नाही. सुगंधा "माझं नाही" म्हणाली ते मूल राहावं म्हणून. मी "नाहीत" का म्हणत आलो, याला कागदावर रकाना नव्हता.

जवळ कोण होतं, तिथे आमच्या सौ.चं नाव लिहिलं.

शेवटचा प्रश्न नाव. बारशाआधी नाव नसतं. पण त्या नऊ दिवसांत भिंतीपलीकडून एक हाक मला ऐकू यायची, अगदी हळू, दिवसातून कितीदा तरी. बारशाआधी नावाने हाक मारू नये, हे तिला कळावं म्हणून मी इकडून खाकरायचो. मग हाक आणखी हळू व्हायची, पण थांबत नसे.

टाक घेतला आणि लिहिलं: मैना.