पणजोबांचा गोल

आमच्या घराण्यात गोऱ्या साहेबांना हरवणारा एक माणूस होऊन गेला, तो म्हणजे माझे पणजोबा. (माझा स्वतःचा पराक्रम एसटीत खिडकीची जागा धरण्यापलीकडे गेलेला नाही.)

कापसाच्या जिनिंग कारखान्यातले साहेब बूट घालून, आपली माणसं अनवाणी, आणि शेवटच्या क्षणी पणजोबांचा गोल! ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की दर वेळी तो गोल थोडा आणखी लांबून होऊ लागला. यंदा तो मैदानाच्या मध्यापर्यंत पोचला होता.

ती ऐकूनच पवनारच्या मंगेशने मला त्याने भरवलेल्या फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाला बोलावलं. पहिला गोल मी मारायचा, पणजोबांसारखा अनवाणी. मी सगळं घर घेऊन गेलो. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं. पणजोबा तिचे सख्खे आजोबा, तिने त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

भाषण झकास रंगलं. एरवी साहेबासमोर मान वर करायची सोय नव्हती, पण मैदानावर त्याच्या पायातून चेंडू काढून घेता येत होता, असं मी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. मी बूट काढायला वाकलो. तेवढ्यात आत्याने माइक मागितला. आशीर्वाद देणार असेल म्हणून मंगेशने तो पळत नेऊन दिला.

"काऊन रे बापू, खोटं सांगून राह्यला?" आत्या म्हणाली. "बुढ्यानं गोल मारलाच नाई. तो गोलात उभा राहे. चेंडू चामड्याचा. पायानं माराले सारे तयार, पन हातात कोन घेईन? इटाळ होये ना! आपला तर तसाबी इटाळच धरत सारे, म्हून आपल्या बुढ्याले उभं केलं."

माझ्या एका पायात बूट, एका हातात बूट. लाज वाटली, आणि त्या जुन्या लोकांचा रागही आला.

"पन साह्यबाचा एकबी गोल होऊ देल्ला नाई त्यानं," आत्या पुढे म्हणाली. "मंग त्याच लोकायनं त्याले खांद्यावर घेतलं. तवा इटाळ आठोला नाई कोनाले."

टाळ्या माझ्या भाषणापेक्षा कितीतरी जास्त पडल्या. माझाही ऊर भरून आला. पण मंगेश लगेच म्हणाला, "मंग साहेब, तुमी गोलातच उभे राहा."

आता माघार घेणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. दुसराही बूट काढला. जमीन तव्यासारखी तापलेली, त्यात सराटे. काटा काढायला मी एक पाय उचलला की शाळकरी पोरं दुसऱ्या बाजूने गोल करत. आत्या खुर्चीतून ओरडत होती, "हात लाव ना रे, हात!" शेवटी एक चेंडू अडवला, तो नाकाने.

सुजलेलं नाक घेऊन घरी आलो. ज्या चेंडूला कोणी हात लावेना, त्याला हात लावून पणजोबांनी घराण्याचं नाव केलं. माझे हात मात्र दिवसभर अगदी सोवळे राहिले!