केसभरचे आठ शतांश

डोक्यावर औषधाला केस नाही आणि माणसाचं नाव काय, तर केसभर. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं उरलं. चहाचा घोट घेतला की हा म्हणे, "साखर केसभर जास्त झाली." बायकोने भिंतीवर फोटो टांगला की लांब जाऊन, एक डोळा मिटून म्हणे, "डावा कोपरा केसभर वर घे." बायको म्हणे, "अहो, स्वतःकडे नाही ते दुसऱ्याकडे किती मोजाल?"

पंपाची झाकणं बनवण्याच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं एकाच मशीनवर होता. मिलिंग मशीन, दोन कपाटं एकाला एक चिकटवावीत एवढं थोराड. त्याला आकडे लिहून दिले की टेबल आपलं आपण डावी-उजवीकडे सरकतं आणि वरचं फिरतं कटर लोखंड कोरतं. आलं तेव्हा मोठं शहाणं म्हणून आलं होतं. पण शहाणपणालाही वय असतं. आता पडद्यावरची हिरवी अक्षरं थरथरत, तिनाचा आठ दिसे, आणि सकाळी डाव्या कुशीत चापट खाल्ल्याशिवाय ते जागंच होत नसे. ती चापट कुठे आणि किती जोरात, हे एकट्या केसभरला ठाऊक. बरोबर बसली तर दिवे लागत. जरा खाली बसली तर कटर थंड ठेवणाऱ्या साबणाच्या पाण्याची चूळ तोंडावर. सगळे त्या मशीनला म्हातारी म्हणत, आणि केसभर तिच्याशी बोलतो हेही सगळ्यांना माहीत होतं.

माहीत नव्हतं ते एकच. म्हातारीला एक खोड होती. जुन्या दाराची मूठ कशी, आधी थोडी रिकामीच फिरते आणि मग दार हलतं, तसं तिचं टेबल उलट येताना आधी आळस देई आणि मग सरकायला लागे. कारखान्यात त्याला म्हणतात, 'प्ले आला'. त्या आळसात आठ शतांश मिलिमीटर हरवत. आठ शतांश म्हणजे एका केसाची जाडी. पण झाकणाला दोन भोकं असतात. एक जाताना पडतं, एक येताना, आणि त्यांच्यात केसाएवढा फरक पडला तर झाकण वाया. मालकाला हे कळतं तर म्हातारी त्याच दिवशी भंगारात गेली असती. म्हणून केसभर प्रोग्रॅम लिहिताना येतानाच्या आकड्यात आठ शतांश गुपचूप जास्त लिही. पहिली काही वर्षं आठवणीने लिहिले. पुढे हाताला सवय झाली. चप्पल घालताना डावा पाय आधी की उजवा, कोणाला आठवतं? तसे ते आठ शतांश आपले आपण लिहिले जात, केसभरच्याही नकळत. प्रोग्रॅमची वही शर्टाच्या खिशात, आणि त्या खिशाला बायकोने बटण लावून दिलेलं.

एक दिवस पडद्यावरची हिरवी अक्षरं गेली ती गेलीच. चापट मारली, डावीकडून मारली, उजवीकडून मारली, प्रेमाने मारली. म्हातारी ढिम्म.

मालक म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावतो."

केसभर आडवा पडला. म्हणजे खरोखरच मशीनपुढे फरशीवर आडवा पडला. "मालक, हाडं चांगली आहेत हिची. मेंदू तेवढा नवा बसवा."

मालकाने डोकं खाजवलं. असं करतात, हे त्यानेही ऐकलं होतं. जुन्या मशीनचं लोखंड तसंच ठेवायचं आणि मोटारी, वायरी, पडदा सगळं नवं घालायचं. तो म्हणाला, "बरं. पण शनिवारी गिऱ्हाईक येणार. त्याच्यासमोर झाकण बरोबर निघालं तर ठीक. नाही निघालं तर म्हातारी भंगारात आणि तू पॅकिंगला."

पॅकिंग! आता पॅकिंग काही वाईट काम नाही. खोकी जोडायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या. पण पॅकिंगचा मुख्य होता केसभरच्या बायकोचा धाकटा भाऊ. ज्या मेव्हण्याला लग्नात नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला, त्याच्या हाताखाली जायचं!

मेव्हणा त्याच दुपारी आला. "दाजी, या या. चिठ्ठी लावायचीही कला असते बरं. तुम्ही एकेक केसभर तिरकी लावाल, मी सांभाळून घेईन."

नवा मेंदू बसवायला एक इंजिनिअर मुलगी आली. दंडावर वायरींची वेटोळी, कानावर पेन्सिल. तिने मागचं कपाट उघडलं आणि आत हात घालून एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडायला लागली. एक चमचा. कपडे वाळत घालायचे सहा चिमटे. केसांचे आकडे. अर्धी फणी. बाळाचा एक लोकरीचा मोजा.

"काका, हे काय?"

"चमचा तो पंखा धरून ठेवतो. चिमटे वायरींना. मोजा... तिथून वारा यायचा."

"आणि फणी?"

"आता त्या फणीचा घरी काय उपयोग होता, सांग."

मेव्हण्याने हे सगळं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत ताईला यादी पोचली. ताई खुर्चीत बसलीच. त्या चमच्यावरून तिने शेजारणीशी चार वर्षं अबोला धरला होता. तशीच उठली, शेजारी गेली आणि म्हणाली, "बाई, चुकलं माझं. चमचा ह्यांनीच नेला होता." शेजारणीला भरून आलं. म्हणाली, "जाऊ दे गं. चाळणी मात्र मीच नेली होती." मग दोघी पुन्हा बोलायला लागल्या, म्हणजे चाळणीवरून भांडायला लागल्या.

इकडे इंजिनिअर मुलीने जुन्या मोटारी उतरवल्या, नव्या चढवल्या, काळ्या जाड वायरींची वेणी घातली आणि आरशासारखा चपटा पडदा बसवला. मग तिने विचारलं, "काका, टेबल उलट येताना प्ले किती होता हिला?"

नेमका मालक मागे उभा. सव्वीस वर्षांचं गुपित असं चारचौघांत सांगायचं?

"प्ले? आणि माझ्या मशीनला? केसभरही नाही!"

मालक गेल्यावर मुलीने टेबलाला घड्याळासारखा डायल लावला, टेबल पुढे नेलं, मागे आणलं. काटा सांगत होता, आठ शतांश. काकांना बिचाऱ्यांना माहीतच नाही, असं तिला वाटलं. उगाच वयाच्या माणसाचा पाणउतारा कशाला करा? तिने मुकाट्याने नव्या पडद्यात आकडा भरला, म्हणजे येताना ते आठ शतांश मशीनच आपलं आपण भरून काढेल. काकांना सांगितलं नाही. चांगल्या मनाची होती पोरगी.

झालं. आता एकाच भोकासाठी दोघं दोन बाजूंनी भरपाई करत होते, आणि दोघंही एकमेकांपासून लपवून.

बुधवारी पहिलं झाकण निघालं. तपासायला एक गेज असतो, पट्टीवर दोन खुंट्या उभ्या. दोन्ही खुंट्या दोन्ही भोकांत टक्कन बसल्या की पास. पहिली बसली. दुसरी अडली.

गुरुवारी दुसरं झाकण. अडली. तिसरं. अडली.

"डायल तर शून्य दाखवतोय," मुलगी म्हणाली. "काका, तुमची वही बघू जरा?"

केसभरने खिशावर हात ठेवला. "मशीनला काय विचारायचं ते विचार. वहीला नाही. ही सव्वीस वर्षं चुकली नाही."

"मग काय मशीन चुकतंय?"

"नवा मेंदू आहे. जरा लहान असेल अजून." आणि त्याने सवयीने डाव्या कुशीत एक चापट दिली. नवा पडदा लालेलाल झाला आणि सगळंच बंद पडलं. मुलीने ते पुन्हा चालू केलं आणि एक कागद चिकटवला : 'येथे मारू नये.' केसभरने कागदाच्या बाजूला मारली.

त्या संध्याकाळी मेव्हणा टेप घेऊन घरी आला. "दाजी, उभे राहा. पॅकिंगच्या टेबलाला स्टूल बेताचं लागतं. तुमच्या गुडघ्याच्या मापाने पाय कापून ठेवतो." त्याने खरोखर गुडघा मोजला. जाता जाता भिंतीकडे बघून थबकला. "ताई, हे घड्याळ चाळीस मिनिटं पुढे आहे!" आणि ताई चहा आणायला आत गेली तेवढ्यात बरोबर करून टाकलं. लोकांच्या घरातल्या वस्तू बरोबर करण्याची त्याला हौस.

ते घड्याळ पुढे कसं गेलं तेही सांगायला हवं. नवऱ्याने वेळेवर निघावं म्हणून बायकोने कधीकाळी दहा मिनिटं पुढे ठेवलं. नवरा मनात दहा वजा करायला लागला. बायकोने ओळखलं, आणखी दहा वाढवली. त्याने वीस वजा केली. असं करत करत चाळीस झाली, आणि चाळीसवर दोघं दमले. कोणी कोणाला बोललं नाही. संसार सुरळीत चालला होता.

शुक्रवारी सकाळी घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली. केसभरने चाळीस वजा केली, म्हणजे साडेसात, आणि डबा घेऊन आरामात निघाला. आठची हजेरी, वाटेला पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं हातात राहतात, म्हणून एका दुकानाची वाकडी पाटी बघायला दोन मिनिटं थांबलासुद्धा.

फाटकाशी मालक उभा. "अरे केसभर, आठ सदतीस!"

"काहीतरीच काय. घड्याळ चाळीस पुढे आहे आमचं."

"हे माझं घड्याळ आहे!"

मागून मेव्हण्याचा आवाज आला. "दाजी, तुमचं कालच बरोबर केलं मी. सांगायचं राहिलं."

केसभर फाटकातच उभा राहिला. डबा हातात, तोंड उघडं. घड्याळ बरोबर होतं, आणि तो वजा करत बसला होता. घड्याळ बरोबर होतं, आणि...

"अरे देवा," तो म्हणाला, आणि गुडघेदुखी विसरून आत पळाला. मालक मागे, मालकामागे मेव्हणा.

मशीनपाशी मुलगी डायलकडे डोळे लावून बसली होती. केसभरने तिच्यापुढे खिशाचं बटण उघडलं. दुसऱ्या कोणासमोर, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"पोरी, खोटं बोललो मी. प्ले होता हिला. आठ होता."

"आठच," ती म्हणाली. "मी मोजला होता. भरलासुद्धा."

"तू पण भरलास?"

"तुम्ही पण?"

मग मुलगी अशी हसली की कानावरची पेन्सिल साबणाच्या पाण्यात पडली.

मालकाला हसू येत नव्हतं. "थांबा. म्हणजे माझं मशीन इतकी वर्षं बिघडलेलं होतं? आणि मला माहीत नाही?"

"बिघडलेलं नव्हतं, मालक. आळशी होतं. झाकण एक तरी परत आलं का?"

मालकाने आठवून बघितलं. एकही आलं नव्हतं. त्यामुळे त्याला आणखी राग आला, पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

शुक्रवारचा सगळा दिवस केसभर वहीतले आठ खोडत होता. एकेक खोडताना हात असा अडखळे, जणू जेवणाच्या ताटातून मीठ परत उचलायचंय.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. झाकण निघालं. मालकाने स्वतः गेज घेतला. पहिली खुंटी बसली. सगळ्यांचे श्वास अडले, गिऱ्हाइकाचासुद्धा, आणि त्याला कारणही ठाऊक नव्हतं. दुसरी खुंटी : टक्.

गिऱ्हाईक गेल्यावर मालक केसभरसमोर येऊन उभा राहिला. "खरं तर लपवलंस म्हणून तुला पॅकिंगलाच पाठवायला हवं."

केसभरने मान खाली घातली.

"पण तिथे तू खोकीसुद्धा केसभर मोठी बनवशील. मर इथेच."

तेवढ्यात मेव्हणा स्टूल घेऊन आला. चेहरा पडलेला. "दाजी, पाय तर कापून झाले. आता जोडू कसे? तुमच्या मापाचं आहे, दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही."

केसभरने ते म्हातारीशेजारी ठेवलं, 'येथे मारू नये' च्या खाली. ऐटीत बसला. इकडे कलला, तिकडे कलला आणि एक डोळा मिटून खाली वाकून पाहिलं.

"मेव्हणे," तो म्हणाला, "डावा पाय केसभर आखूड आहे."