चाकावरचा हात

मोताळ्याच्या बाजारगल्लीत आमचे एक शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मत मांडायचं असलं की मास्तर शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवायचे. मशीन थांबलं की दुकानातल्या बाकावरची माणसं आपोआप गप्प व्हायची. मत पटो न पटो, ऐकून घ्यायची रीत होती.

मागच्या वर्षी टीव्हीवाले बाजारात आले. बातम्यांवर हसवणारा कार्यक्रम, त्यात लोकांची मतं दाखवतात. मास्तरांनी चाकावर हात ठेवला आणि माईकसमोर शांतपणे सांगितलं, "आमच्या गावात दवाखाना बांधला, पण डॉक्टर काऊन नाही? माह्या सुनेले जीपमंदी बाळंत व्हा लागलं."

कार्यक्रमात दवाखाना कापला होता. 'काऊन' आणि 'जीपमंदी' एवढंच ठेवलं, तेही पुन्हापुन्हा, मागे हशा आणि गाडीचा हॉर्न लावून. पुण्या-मुंबईचे हसले याचं मला नवल नाही. आपलेच लोक हसले. बाकावरचे तेच आता मोबाईल पुढे धरून म्हणतात, "मास्तर, ते जीपवालं म्हना ना एकखेप." सून दुपारचा डबा घेऊन यायची, ती आता दुकानात येत नाही.

काल मी पॅन्ट आणायला गेलो. बाकावरच्या एकाने विचारलं, "मास्तर, औंदा निवडणुकीचं काय वाटते तुमाले?"

मास्तरांचा हात चाकाकडे गेला. सगळे हसायच्या तयारीने पुढे सरकले. मास्तरांनी चाकाला झटका दिला आणि जोरजोरात पाय मारायला लागले. मशीन खडखडत राहिलं.

सुईखाली कापड नव्हतं.