कड्याच्या रस्त्यावरचे आमचे दगड

इरफान जे दगड चुकवायला गेला आणि ट्रकवर जाऊन आदळला, ते दगड आमच्या ट्रॉलीचे होते.

आज वर्ष झालं. वर्षभर हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इरफान कडा गावचा मेकॅनिक, माझा शाळेपासूनचा दोस्त. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, काहीही बंद पडू द्या, फोन केला की हा त्याची जुनी व्हॅन घेऊन हजर.

आणि आला की तोंड सुरू.

"मागं लाईट कुठंय? रेडियम कावून न्हाई लावलं? दोन-दोन ट्रॉल्या जोडता, वरून टेप लावता ठणाणा. मागं कुणी मेलं तरी कळायचं न्हाई तुमाला!"

उसाच्या सीझनमध्ये आपल्याकडं काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॉली पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. साइडपट्टी खचलेली, खाली घ्यावी तर पलटी होणार. मग चाकाला दगड लावायचे आणि मागं लांबपर्यंत दगडांची ओळ मांडायची, येणाऱ्याला कळावं म्हणून.

काम झालं की ट्रॅक्टर निघाला. दगड तिथंच.

इरफान मात्र ट्रॅक्टरची चावी काढून स्वतःच्या खिशात घालायचा.
"आधी दगड उचल बे, मग चावी."

लई वैताग यायचा. खोटं कशाला बोलू?

म्हणून त्या दुपारी आमची ट्रॉली कड्याच्या अलीकडं पंक्चर झाली, तेव्हा ड्रायव्हर संतोषला मीच फोनवर म्हणालो,
"इरफानला बोलवू नको. तासभर भाषण देईल. दुसरा कुणीबी बघ."

दुसरा आला. पंक्चर काढून गेला.

दिवस मावळताना मला फोन आला. इरफानच्या व्हॅनचा ॲक्सिडेंट झालाय, आणि तो जागेवरच गेलाय.

मी पोचलो. व्हॅनकडं बघवत नव्हतं. आणि अलीकडं रस्त्यात ओळीनं दगड.

संतोषला फोन लावला. "दगड उचलले होते का रे?"

"मालक, कारखान्यावर उसाचा नंबर होता. घाईत राहून गेलं."

पुढं मी जे केलं, ते आज पहिल्यांदा लिहितोय.

सगळे व्हॅनभोवती जमले होते तेवढ्यात, पोलीस यायच्या आत, मी ते सगळे दगड पायानं रस्त्याखाली लोटले.

ट्रकवाला सांगत होता, "गाडी एकदम माझ्या अंगावर आली." रस्त्यात काहीच दिसेना, मग लोकांनीच ठरवून टाकलं. इरफान मोबाईलवर बोलत असणार.

अहो, फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता, वरून बटण लावलेलं. मीच काढून त्याच्या भावाकडं दिला. तरी टपरीवर लोक म्हणायचे, "जगाला शिकवायचा आणि स्वतःच बघा."
मी मान खाली घालून चहा प्यायचो.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. लेक त्याच रस्त्यानं स्कूटीवर आष्टीला कॉलेजला जाते. पोचल्याचा फोन येईपर्यंत घास उतरत नाही. सीझन परत सुरू झालाय. कुठं दगड दिसले की गाडी थांबवून उचलतो. लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज सकाळी बरसीला त्याच्या घरी गेलो. इरफानची बायको, आमच्या भाभी, दारातच भेटल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

भाभी म्हणाल्या,

"माहीत हाय मला. संतोष चाळिसाव्या दिवशीच येऊन सांगून गेलता."

"मग वर्षभर तुमी बोलला कावून न्हाई, भाभी?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले, भाऊ. अम्मी रोज इचारतात, इरफान खरंच फोनवर होता का? मी न्हाई म्हणते. त्यांना वाटतं, सून समजूत घालती. जा आत. तुमीच सांगा त्यांना."

आत गेलो. इरफानच्या आईपुढं बसलो आणि सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला एकटीला सांगून काय उपयोग?" अम्मी म्हणाल्या. "जिथं त्याला नावं ठेवली, तिथं जाऊन सांग."

तसाच उठून टपरीवर गेलो. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. एकानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघून गेला. तिथून पोलीस स्टेशनला जाऊन जबाब दिला. आता जे होईल ते होईल.

टपरीवर जे नव्हते, त्यांनी हे वाचावं.

इरफान मोबाईलवर नव्हता. त्याची काहीच चूक नव्हती. चूक आमची होती, आणि लपवली मी.

भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली, दोस्ता. माफी मागायला मला तोंड नाही.