पापड आणि पाण्याचा ग्लास

संध्याकाळी सुनेने गॅसवर मिरी घातलेला सिंधी पापड भाजला आणि बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये मला एकदम उल्हासनगरची आमची चाळ आठवली.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. सासूबाई मला शेजारच्या सिंधी भाभींकडे घेऊन गेल्या. नवी नवरी बघायला चाळीतल्या बायका जमल्या होत्या. भाभींनी माझ्यापुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास ठेवला. आमच्या जुन्नरकडे पापड येतो तो ताटाबरोबर. मला वाटलं, मागून वरण-भात येत असेल. म्हणून पापडाला हात न लावता, पदर सावरून, मी नीट मांडी घालून बसले.

"खाओ ना बेटी," भाभी म्हणाल्या.

"जेवण येऊ द्या की," मी म्हणाले.

बायका हसत सुटल्या. सिंध्यांकडे आल्यागेल्याला आधी पापड-पाणी देतात, हे मला कुठं ठाऊक! माझे कान तापले. वाटलं, घरी गेल्यावर आता काही खरं नाही.

तेवढ्यात सासूबाईच माझ्या शेजारी मांडी ठोकून बसल्या. "हसता क्या? हमारे में पापड ताट के साथ आता है. मेरी सून बरोबर बोली. अब हम जेवूनच जाएगा!"

आणि खरंच, आम्ही जेवूनच उठलो. आजही तो थाट आठवला की माझी मान ताठ होते.

तेव्हा मी रोज डायरी लिहायचे. ती अजून कपाटात आहे. त्या दिवसापर्यंत तिच्यात 'सासूबाई' आहेत. दुसऱ्या दिवसापासून 'आई'.