काकाचा छोटा बेस

आमचा काका दारातून वाकून आत येतो, एवढा उंच. आणि वाजवतो काय, तर काखेत मावेल एवढा बेस, म्हणजे खर्जाची गिटार. दिसायला युकुलेली, खेळण्यातल्या गिटारीएवढी, त्यावर चार तारा, त्याही रबराच्या, सगळ्यात जाड तार तर पेन्सिलीएवढी. पण स्पीकरला जोडला की मोठ्या बेससारखा छातीत घुमतो. लोकांना गंमत वाटते. मलाही वाटायची. आता नाही वाटत.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आई, काका आणि मी. आई पडदे शिवते, मी औषधांच्या दुकानात बसते. काका रोज संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवतो. त्याला लग्न करायला वेळ झाला नाही, दुसरं काही शिकायलाही झाला नाही. बेस काढून घेतला तर या माणसाचं काय उरेल, हा विचार मी करतच नव्हते. करायचं कारणच पडलं नव्हतं.

मग एके दिवशी मोठा बेस कपाटावर गेला आणि हे छोटं प्रकरण घरात आलं.

“भावजी, मोठ्याला पिल्लू झालं का?” आई म्हणाली.

“पाठ दुखते हो, वहिनी. हे हलकं आहे.”

झालं, आम्ही विश्वास ठेवला. त्यानं पिल्लाला छळायला सुरुवात केली. रबराचा आवाज बोथट येतो म्हणून पहिल्यावर मोठ्या बेसच्या धातूच्या तारा चढवल्या. एवढ्याशा लाकडाला तो ताण झेपतोय होय? दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उखडून थेट आरशावर गेली होती. आईनं आठवडाभर त्याला आरशावरून टोमणे मारले. मग दुसरा आला, मग तिसरा. एकाची घोडी घासून तारा खाली आणल्या, म्हणे आवाज गोड होतो. दुसऱ्यावर अजून मऊ तारा लावल्या, म्हणे आवाज गोल होतो. नव्या रबराला बोटं चिकटतात म्हणून त्यावर पावडर चोळायचा. आमच्या घरात पावडरचा डबा माणसांपेक्षा तारांनाच जास्त लागायचा.

तारांच्या गाठी मात्र आई मारायची. वाद्याच्या पाठीला एक झाकण असतं, ते काढून आत प्रत्येक तारेला गाठ बसवावी लागते. “माझे डोळे गेले, वहिनी, तुमचा हात चांगला,” असं काका म्हणायचा आणि आई फुशारून जायची. पुढे पुढे तारा चढवणं, मोबाइलवर बघून सूर लावणं, सगळं तीच करायला लागली.

एकदा मी त्याला चहाचा कप दिला आणि तो त्याच्या डाव्या हातातून सरळ खाली गेला. निसटला नाही. बोटं मिटलीच नाहीत. काकानं फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ठमे,” तो म्हणाला, “वहिनीला सांगू नकोस. ती घर डोक्यावर घेईल.”

तेव्हा मला कळलं. लहान वाद्य, खाली आणलेल्या तारा, मऊ रबर, यातलं काहीही आवाजासाठी नव्हतं. डाव्या हातानं तारा दाबायच्या असतात आणि त्या हातातला जोर चालला होता. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, पुढे कसं जाईल आत्ता सांगता येत नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते, असल्या वाक्यांचा अर्थ मला कळतो. मी त्या दिवशी दुकानाच्या मागे जाऊन रडले आणि परत येऊन खोकल्याचं औषध विकलं.

काका रडला नाही. त्यानं बाजू बदलायची ठरवली. उजव्या हाताला तारा दाबायला शिकवायचं, डाव्यानं नुसत्या छेडायच्या. त्यासाठी वाद्य उलटं धरावं लागतं, आणि वाद्य उलटं धरलं की तारांचा क्रमही उलटा लावावा लागतो, नाहीतर जाड तार खाली जाते आणि शिकलेलं सगळं चुकतं. तारा ज्या खाचांत बसतात त्या त्यानं कानशीनं रुंद केल्या. दार लावून, सरावासाठी ठेवलेल्या दुसऱ्या बेसवर, स्पीकर न जोडता, महिनोन्‌महिने तो नव्यानं शिकत राहिला. या वयात. आईला वाटायचं झोपलाय.

इकडे हॉटेलात डाव्या हाताचे सूर गळायला लागले होते. बँडचा प्रमुख म्हणजे पियानोवाला. माणूस वाईट नाही, पण तोंडावर बोलणारा. “शनिवारी असंच झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल,” त्यानं सांगून टाकलं. काका म्हणाला, शनिवारी बाजू बदलूनच वाजवतो, सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. रबराच्या तारा नव्या बांधल्या की दोन-तीन दिवस ताणत राहतात, सूर धरत नाहीत. म्हणून चांगल्या बेसवर आम्ही आठवड्याच्या सुरुवातीलाच उलट्या तारा चढवल्या, हॉटेलात तोवर तो दुसरा न्यायचा. गाठी मी मारल्या. कशाबशा.

शनिवारी काका दवाखान्यातून परस्पर हॉलवर जाणार होता, बेस मी न्यायचा होता. आईनं साडी बदलण्यात एवढा वेळ लावला की आम्ही पोचलो तेव्हा गाणारी बाई माइकपाशी उभी होती. दारातच काकानं माझ्या हातातून बेसची पिशवी घेतली आणि तसाच स्टेजवर गेला. आम्ही खुर्च्यांत बसलो.

आई माझ्या कानाशी आली. “तुला म्हणून सांगते. भावजींचं काही खरं नाही. दुपारी धूळ पुसायला घेतला, तर तारा सगळ्या उलट्या लावलेल्या. गाठीही कसल्या भिकार. तुझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, सदरा उलटा घालायचे.”

“मग?”

“मग काय, त्यांना वाईट वाटायला नको म्हणून गुपचूप सरळ केल्या. सूरही लावून ठेवलेत.”

स्टेजवर काका पिशवीची चेन उघडत होता. मी उठले, हात हलवला, मागचा माणूस म्हणाला खाली बसा. काकानं बेस उलटा धरला आणि थांबला. त्यानं एकेका तारेवरून अंगठा फिरवला. मग वर बघून आम्हाला शोधलं. आईनं त्याला हसून हात केला.

पियानो सुरू झाला. काकानं बेस सरळ धरला आणि त्याच डाव्या हातानं वाजवायला लागला. पहिलं गाणं कसंबसं निघालं. दुसऱ्यात अर्ध्यावर त्याची बोटं उघडली ती मिटेनात, आणि गाण्याखालून बेस निघून गेला. पियानोवाल्यानं मान वळवली.

“वाजत का नाही गं?” आई म्हणाली.

मी सांगितलं. सगळं, दोन वाक्यांत. मला वाटलं ती तिथेच ओरडेल. ती पदराचं टोक हातात धरून गाणं संपेपर्यंत पिळत बसली.

मध्यंतरात ती स्वयंपाकघराच्या बोळात जमिनीवर बसली, बेस मांडीवर घेऊन. झाकण उघडलं, गाठी सोडल्या, एकेक तार काढून उलट्या क्रमानं बांधली. गाठी पक्क्या. काका भिंतीला टेकून उभा होता.

“मला सांगितलं असतं तर मेले असते का मी?” ती वर न बघता म्हणाली.

“घाबरलो होतो, वहिनी.”

तेवढ्यात पियानोवाला आला. उलट्या बांधलेल्या तारा त्यानं बघितल्या. “बाजू बदलणार? कधीपासून?”

“आत्तापासून,” काका म्हणाला.

दुसऱ्या भागात त्यानं बेस उलटा धरला. ताज्या बांधलेल्या तारा दर गाण्याला उतरत होत्या, आणि दर गाण्यानंतर पियानोवाला, न सांगता, एक पट्टी दाबून धरायचा, म्हणजे काकाला सूर लावून घेता यावा. उजवा हात चुकत होता, पण थांबत नव्हता. शेवटी पियानोवाला एवढंच म्हणाला, “उद्या लवकर या. तारा ताणून आणा.”

घरी जाताना आई बेस खांद्याला लावून पुढे चालली होती, मूल घ्यावं तशी. उद्या काय काय करायचं ते मोठ्यानं बोलत होती. काका मागे राहिला, म्हणून मीही राहिले. मला वाटलं आता तो हसेल.

त्यानं उजव्या हातात माझा हात घेतला. “ठमे, शेवटच्या गाण्यात जरा शंका आली. किती जोरात दाबतोय ते सांग.”

मी थांबले. त्याचा तळवा गरम होता.

“दाब की,” मी म्हणाले.

“दाबतोय.”