दोरीमागचं बाक

आमच्या बदलापूरच्या चर्चला मालमत्ता सांभाळणारी एक समिती आहे. सगळे रिटायर्ड साहेब. घरात यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून इथे येऊन हुकूम सोडतात. अध्यक्ष तर गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत येतात, पण येतात.

बाबा गेले तेव्हा आईने चर्चला सागवानी बाक दिलं. अट एकच: मागच्या दाराजवळ ठेवायचं, गुडघे गेलेल्यांना बसायला. फादर हो म्हणाले होते.

गेल्या वर्षी समितीला गादीच्या खुर्च्यांची हौस आली. फादर बाहेरगावी, मग काय, रान मोकळं! उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका सिंधी दुकानदाराशी जुन्यावर नवं ठरवलं आणि सगळी बाकं टेम्पोत घातली. आईचंही.

त्या लुसलुशीत गादीत रुतलं की आईला उठता येत नाही. रविवारी ती मिस्साभर, अख्खी प्रार्थना होईपर्यंत, भिंतीला धरून उभी राहिली. माझं डोकंच फिरलं.

फादर परतले आणि त्यांनी समितीला झापलं. "चर्चच्या मालमत्तेचे आपण मालक नाही, राखणदार आहोत. कॅनन लॉ, आपल्या चर्चचा कायदा, वाचलाय का कधी? ज्या कारणासाठी दान दिलं, त्याच कारणासाठी वापरायचं!" साहेबांची पाचावर धारण बसली. टेम्पो उलटा पळाला. दुकानदार बिचारा भला निघाला. "साईं, धरम की चीज़ है, ले जाओ," म्हणाला.

मग यांना कायद्याचा असा पुळका आला म्हणता! आईच्या बाकाला पॉलिश काय, पितळी पाटी काय, भोवती लाल दोरी काय. वर बोर्ड: 'दानाची वस्तू. बसू नये.' धन्य आहे बाबा!

पुढच्या रविवारी आईने दोरीला हात घातला, तसे अध्यक्ष लंगडत धावले. "मावशी, बसू नका! कायदा आहे. देणाऱ्याच्या इच्छेचा मान राखायला हवा."

"दिलं कोणी?"

"तुम्हीच की."

"मग मला विचारलंत?"

आईने दोरी सोडून त्यांच्या हातात दिली आणि बसली. मग जरा सरकली, बाजूच्या जागेवर हात थोपटला.

"या, टेका. उगाच उभे राहू नका त्या पायावर. तुमच्यासारख्यांसाठीच दिलंय."

हातात दोरी घेऊन साहेब बसले.